बहिणाबाई चौधरींच्या आयुष्यातल्या खुणा : चटका, गोंदण आणि तळहाताच्या भेगा. त्वचा काय जपून ठेवते आणि काय पुसून टाकते?

बहिणाबाई चौधरी म्हटलं की बहुतेकांना शाळेचं पुस्तक आठवतं. सुगरणीचा खोपा, अनावर मन, मोट, पेरणी, घरातलं जातं. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईने एवढं कसं रचलं, याचं कौतुक होतं आणि धडा संपतो.

पण त्यांची गाणी जरा वेगळ्या नजरेने वाचली तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा भेटते, ती म्हणजे माणसाची कातडी. कुठे चुलीवर पोळलेला हात येतो, कुठे गोंदण, कुठे फाटलेला तळहात. खानदेशात शेतात आणि चुलीपाशी राबणाऱ्या बाईच्या अंगावर ज्या खुणा उमटायच्या, त्या सगळ्या या गाण्यांत आहेत. त्यातल्या काही खुणा महिन्याभरात जातात, काही मरेपर्यंत राहतात. असं का होतं? कोणत्या खुणेला डॉक्टर वण म्हणतात आणि कोणत्या खुणेला नाही? बहिणाबाईंच्या आयुष्याबरोबर चालत गेलं तर याची बरीच उत्तरं मिळतात.

आसोद्याची मुलगी

बहिणाबाईंचा जन्म ऑगस्ट १८८० मधला, नागपंचमीच्या दिवशीचा. गाव आसोदा, जळगावला अगदी लागून. आज हे गाव भरताच्या वांग्यांसाठी ओळखलं जातं. वडील उखाजी महाजन, आई भिमाई. घर शेतकऱ्याचं, भावंडं भरपूर. तेव्हा जळगाव आणि धुळे असे वेगळे जिल्हे नव्हते, सगळा मिळून एकच खानदेश होता. १९०६ साली इंग्रज सरकारने त्याचे दोन तुकडे केले. पूर्व खानदेश म्हणजे जळगावकडचा भाग आणि पश्चिम खानदेश म्हणजे धुळ्याकडचा.

तेराव्या वर्षी त्यांचं लग्न झालं. नवरा जळगावचा, नथूजी खंडेराव चौधरी. मोठं एकत्र कुटुंब होतं. शाळेत जाण्याचा प्रश्नच नव्हता. घरात बोलली जायची ती लेवा गणबोली, आणि पुढे त्यांची सगळी गाणी याच बोलीत आली.

त्या काळात मुलीच्या अंगावर कायमची पहिली खूण माणसंच करायची. आधी कान-नाक टोचणं, मग गोंदण. गोंदणारी बाई गावात आली की आयाबाया मुलींना धरून बसवायच्या. तीन-चार सुया एकत्र बांधलेल्या, काजळी किंवा कोळशाचं काळं, काही ठिकाणी त्यात पाल्याचा रस. टोचून झालं की वर हळद. कपाळावर ठिपका, हनुवटीवर ठिपका, हातावर तुळशीवृंदावन किंवा नाव. धुळे-नंदुरबारकडच्या भिल्ल आणि पावरा बायकांमध्ये याच्या कितीतरी वेगळ्या तऱ्हा आहेत. यामागचा समज सगळीकडे साधारण सारखा होता. सोनं-नाणं इथेच राहतं, गोंदण तेवढं आपल्याबरोबर वर येतं.

बहिणाबाईंचं गोंदण नेमकं कधी झालं याची नोंद कुठून असणार? पण त्यांच्या एका गाण्यात ते आहे, आणि आयुष्याच्या सगळ्यात वाईट वळणावर आहे. त्याकडे पुढे येऊच. आधी गोंदण टिकतं कसं, ते पाहूया.

आपल्या त्वचेचा वरचा थर म्हणजे एपिडर्मिस. हा सतत झडतो आणि खालून नवा येतो. साधारण महिना-दीड महिन्यात तो पूर्ण बदलतो. त्यामुळे मेंदी जाते, हळद जाते, शाई जाते. त्याच्या खालचा जाड, चिवट थर म्हणजे डर्मिस. रक्तवाहिन्या, नसा, केसांची मुळं, घामाच्या ग्रंथी, सगळं तिथे. गोंदणाची सुई या थरापर्यंत पोहोचते आणि काजळीचे कण तिथे सोडते.

आता गंमत पुढे आहे. शरीराला हे कण म्हणजे घुसखोर वाटतात. त्यांना गिळायला पांढऱ्या पेशींच्या कुळातल्या मॅक्रोफेज नावाच्या पेशी धावतात. कण गिळतात, पण काजळी काही पचत नाही. मग ती पेशी पोटात काजळी घेऊन तिथेच बसून राहते. बरीच वर्षं असा समज होता की एकच पेशी आयुष्यभर ते ओझं सांभाळते. २०१८ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की तसं नाही. पेशी मरते, काजळी बाहेर पडते आणि शेजारी आलेली नवी पेशी ती पुन्हा गिळते. म्हणजे आजीच्या हातावरचं साठ वर्षांचं गोंदण हे एका पेशीकडून दुसरीकडे असं सोपवलं जात आलेलं असतं. हे सोपवणं थांबत नाही म्हणून गोंदण जात नाही. हळूहळू पसरतं, कडा पुसट होतात, एवढंच. काळ्या काजळीचं गोंदण हिरवट-निळं का दिसतं? कारण मधे त्वचेचा थर आहे आणि त्यातून परत येताना उजेडातला निळा भाग जास्त विखुरतो.

गोंदण म्हणजे वण नव्हे. सुईची जखम इतकी बारीक असते की ती नीट भरून येते, राहतो तो फक्त रंग. खरा वण पाहायचा तर चुलीपाशी जावं लागतं.

चूल, तवा आणि हात

बहिणाबाईंचं सगळ्यात गाजलेलं गाणं संसारावरचं आहे. त्यात संसाराची तुलना चुलीवरच्या तव्याशी केली आहे आणि भाकरीआधी हात पोळतो हा त्यातला मुद्दा महाराष्ट्रात कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. १९६१ च्या 'मानिनी' चित्रपटात त्यांची गाणी आली आणि ज्यांनी पुस्तक पाहिलं नव्हतं त्यांच्याही तोंडी बसली.

ही तुलना हवेतली नाही. खानदेशातला स्वयंपाक म्हणजे हाताचं आगीशी रोजचं काम. ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी हातावर थापून तव्यात टाकायची, पाण्याचा हात फिरवायचा, मग निखाऱ्यावर शेकायची. पुरणाचे मांडे तर उलट्या घातलेल्या तापलेल्या खापरावर. हाताने ताणून मोठा केलेला मांडा त्या खापरावर पसरताना मनगट आणि कोपरापर्यंतचा हात धगीवरूनच जातो.

असा चटका बसला की पुढे काय होणार हे एकाच गोष्टीवर ठरतं. भाजणं किती खोल गेलं?

फक्त वरचा थर पोळला तर कातडी लाल होते, चुरचुरते, आठवडाभरात सगळं ठीक. वण राहत नाही, कारण डर्मिसला धक्काच लागलेला नसतो. भाकरीचे बहुतेक चटके या जातीचे. डर्मिसचा वरचा भागही भाजला तर फोड येतो आणि दोन-तीन आठवड्यांत भरतो. सावळ्या कातडीवर तिथे बरेच महिने काळपट डाग राहतो. लोक त्यालाही वण म्हणतात, पण तो वण नाही, रंग जास्त तयार झाल्यामुळे पडलेला डाग आहे. तो हळूहळू फिका होत जातो. बोट फिरवलं तर कातडी आजूबाजूसारखीच लागते.

त्याहून खोल गेलं की मात्र शरीराचा हिशोब बदलतो. डर्मिस जशीच्या तशी पुन्हा बनवणं मोठ्या माणसाच्या शरीराला जमत नाही. मग ते ठिगळ लावतं. हे ठिगळ म्हणजेच वण.

ठिगळाचं काम असं चालतं. जखम झाल्यावर काही मिनिटांत रक्त गोठतं आणि भोक बुजतं. हीच पुढची खपली. मग काही दिवस सूज आणि लाली. या काळात पांढऱ्या पेशी जंतू आणि मेलेल्या पेशी साफ करतात. तीन-चार दिवसांनी फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी येऊन कोलॅजेनचे धागे विणायला लागतात. हे पहिलं विणकाम घाईचं, कच्च्या धाग्याचं असतं. त्यात नव्या रक्तवाहिन्या भरपूर असल्याने ताजा वण गुलाबी-लाल दिसतो. त्यानंतर वर्षभर, कधी त्याहून जास्त, कच्चे धागे काढून पक्के धागे घालण्याचं काम सुरू राहतं. वण फिका होतो, चपटा होतो, मऊ पडतो.

तरीही ठिगळ ते ठिगळ. साध्या कातडीत कोलॅजेनचे धागे खाटेच्या विणीसारखे आडवे-उभे गुंतलेले असतात, वणात ते एकाच दिशेने लोळतात. म्हणून वणाची कातडी चकचकीत दिसते. तिथे केस येत नाहीत, घाम येत नाही. ताकद मूळ कातडीच्या जास्तीत जास्त ऐंशी टक्क्यांपर्यंत जाते, त्यापुढे नाही.

आणि हे ठिगळ एकदा लावून मोकळं होता येत नाही. कोलॅजेन सतत झिजतं आणि सतत नवं बनवावं लागतं. त्यासाठी क जीवनसत्त्व लागतं. ते मिळालं नाही तर काय होतं, याचा एक भयानक दाखला इंग्रज नौदलाच्या इतिहासात आहे. १७४० च्या दशकात जॉर्ज अॅन्सनच्या जहाजांवर स्कर्व्हीची साथ आली. ताजी भाजी-फळं नाहीत, महिनोन् महिने समुद्र. त्या प्रवासाच्या वृत्तांतात एका म्हाताऱ्या खलाशाची नोंद आहे. पन्नास वर्षांपूर्वीच्या लढाईतल्या त्याच्या जखमा कधीच्या भरल्या होत्या, त्या स्कर्व्हीत पुन्हा उघडल्या. पन्नास वर्षं शरीर त्या जखमा रोज थोड्या थोड्या शिवत होतं. दोरा संपला, शिवण उसवली.

खोल भाजलेल्या जागेचा आणखी एक त्रास असतो. भरताना जखम आकसते. कोपर, बोटं, मान, काख अशा वाकणाऱ्या जागी ती आकसली तर सांधाच आखडतो, बोट सरळ होत नाही, मान वळत नाही. यावर व्यायाम, पट्ट्या आणि कधी कधी शस्त्रक्रिया लागते. म्हणून मोठं भाजलं असेल तर घरी बसून खपली धरण्याची वाट पाहू नये. आणि साध्या चटक्यालाही टूथपेस्ट, शाई, तूप, बर्फ यातलं काही नको. नळाचं साधं गार पाणी वीस मिनिटं, बस्स.

तिशीतलं वैधव्य

बहिणाबाईंना तीन मुलं. काशी, ओंकार आणि सोपान. वयाच्या तिसाव्या वर्षी, म्हणजे १९१० च्या सुमारास, नथूजी गेले.

त्या काळात नवरा गेल्यावर बाईच्या अंगावरच्या एकेक खुणा काढल्या जायच्या. कुंकू, बांगड्या, मंगळसूत्र, जोडवी. आजही अनेक गावांत हे पूर्ण थांबलेलं नाही. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने याविरुद्ध ठराव केला, तेव्हा ती राज्यभर बातमी झाली होती. म्हणजे बहिणाबाईंनंतर शंभर वर्षांनीही ठराव करावा लागला.

या प्रसंगावर त्यांनी जे गाणं रचलं त्यात रडणं आहे, पण ते थोडकंच. त्या हिशोब मांडतात. कुंकू गेलं, तरी गोंदण शिल्लक आहे आणि तेच आता नशिबाला बोलावणं धाडेल. बांगड्या नाहीत, तरी मनगटातलं कर्तृत्व कुठे गेलं? मंगळसूत्र तुटलं, पण गळ्याशी घेतलेली शपथ उरली आहे. शेवटी त्या शेजारपाजारच्या बायकांना सांगतात की माझी कीव करू नका.

गावाने काय काढून घेतलं आणि काय काढून घेता येत नाही, याची ही यादी आहे. आणि त्यात गोंदणाचं उदाहरण शास्त्राच्या बाजूनेही तंतोतंत बरोबर आहे. कुंकू एपिडर्मिसवर बसतं, बोटाने पुसता येतं. गोंदण डर्मिसमध्ये असतं. तिथवर कुणाचं बोट पोहोचत नाही. कुंकवाच्या जागी गोंदून घेतलेला ठिपका असलेल्या कितीतरी विधवा त्या काळात असतील. त्यांच्या बाबतीत रिवाजाला जे पुसायचं होतं ते पुसताच आलं नाही.

दागिने उतरल्यावर आणखी एक खूण राहते, ती म्हणजे नाकाचं आणि कानाचं भोक. टोचल्यावर सुरुवातीला ते जखमच असते, काडी काढली तर बुजून जातं. पण काही महिन्यांनी आजूबाजूची कातडी आत वाढत जाते आणि भोकाच्या आतून पूर्ण अस्तर लावते. शरीराच्या लेखी मग तिथे जखम उरत नाही, त्यामुळे भरायचंही काही उरत नाही. जुनी भोकं वर्षानुवर्षं तशीच राहतात ती यामुळे.

टोचण्यावरून एक गोष्ट आत्ताच सांगायला हवी, कारण यावर सगळ्यात जास्त चुका होतात. काही जणांमध्ये टोचलेल्या जागी गुलाबी-तपकिरी, टणक गाठ येते आणि वाढतच जाते. हा किलॉइड. यात फायब्रोब्लास्टना थांबायचं कधी हेच कळत नाही. ठिगळ फाटलेल्या जागेच्या बाहेर चांगल्या कातडीवरही पसरत जातं. कानाची पाळी, छाती, खांदा, जबडा या जागा त्याच्या आवडीच्या. सावळ्या आणि काळ्या कातडीच्या लोकांमध्ये तो जास्त दिसतो आणि घरात कुणाला असेल तर आपल्याला होण्याची शक्यता वाढते. याचाच एक सौम्य भाऊ आहे, हायपरट्रॉफिक वण. तोही वर येतो, खाजतो, पण जखमेची हद्द ओलांडत नाही आणि बऱ्याचदा वर्ष-दोन वर्षांत आपोआप बसतो.

किलॉइड म्हणजे कॅन्सर नाही आणि तो संसर्गाने पसरत नाही. पण तो नुसता कापून टाकला तर पुन्हा येतो, अनेकदा आधीपेक्षा मोठा, कारण कापणं ही त्याच्यासाठी आणखी एक जखमच. म्हणून त्वचारोगतज्ज्ञ गाठीत स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात, सिलिकॉनच्या पट्ट्या लावतात, दाब देतात, आणि कापलंच तर त्याच्या जोडीला दुसरा उपचार ठेवतात. ज्याला एकदा किलॉइड झाला आहे त्याने हौसेखातर दुसरीकडे टोचून घेऊ नये, हे मात्र कुणी सांगत नाही.

गाठीचा ताप

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढची कित्येक वर्षं तो मुंबई इलाख्यात फिरत राहिला. १८९७ मध्ये पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या, हे सगळ्यांना माहीत आहे. खानदेशही सुटला नाही. बहिणाबाईंच्या घरात त्याने ओंकारला गाठलं. मुलगा वाचला, पण कायमचं अपंगत्व मागे ठेवून साथ गेली.

प्लेगचे जंतू उंदरांवरच्या पिसवांमार्फत माणसात येतात. पिसू चावते ती जागा क्षुल्लक दिसते. मग जांघेत किंवा काखेत लसिकाग्रंथी सुजतात, म्हणून लोक याला गाठीचा ताप म्हणायचे. वाचलेल्या रुग्णात ही गाठ कधी कधी फुटायची आणि पू वाहायचा. अशी उघडी, ओबडधोबड जखम टाके न घालता तळातून वर भरत येते. त्यात भरपूर ठिगळ लागतं, म्हणून तिचा वण रुंद, ओढल्यासारखा राहतो. सुरीने सरळ कापलेली आणि टाके घातलेली जखम त्यामानाने बारीक रेघ सोडते.

त्या पिढीच्या चेहऱ्यांवर दुसऱ्या एका साथीच्या खुणा सगळ्यात जास्त दिसायच्या. देवीच्या. या वणांची जात वेगळी. ते वर येत नाहीत, खाली खचतात. देवीचा फोड त्वचेतल्या तेलग्रंथी नष्ट करायचा आणि तिथे पुरेसं ठिगळच बनायचं नाही, म्हणून खळगा. कांजिण्यांची खपली ओढून काढली तर किंवा खोल मुरूम गेल्यावर गालावर राहतो, तोही याच जातीचा. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला. घरातल्या पन्नाशी-साठीच्या माणसांच्या दंडावर देवीच्या लसीचा गोल वण असतो आणि त्यांच्या नातवंडांच्या डाव्या दंडावर बीसीजीचा. हे वण जाणूनबुजून पत्करलेले आहेत.

तळहात

नवरा गेलेला, एक मुलगा अपंग, एकत्र कुटुंबाची वाटणी, शेतीचं काम. पुढची चाळीस वर्षं बहिणाबाईंनी शेतात आणि घरात काढली. गाणी जात्यावर सुचायची, शेतात सुचायची.

कापूस वेचणं, निंदणी, मोट, मुसळ, जातं. या कामांनी हाताला घट्टे पडतात. घट्टा हाही वण नव्हे. तिथे काहीच तुटलेलं नसतं, उलट घासलं जाऊ नये म्हणून एपिडर्मिसने स्वतःहून वरचा निर्जीव थर जाड केलेला असतो. काम थांबलं की काही महिन्यांत घट्टा जातो. पण जाड झालेली कातडी वाकत नाही, आणि तळहाताला तेलग्रंथी मुळातच नसतात. त्यामुळे थंडीत, पाण्यात-मातीत काम करून ती कोरडी पडते आणि तडकते. भेग वरवरची असेल तर तेल लावून भरते. रक्त यायला लागलं की समजायचं, भेग डर्मिसपर्यंत गेली.

बहिणाबाईंचं ज्योतिषाला उद्देशून एक गाणं आहे. दारात आलेल्या ज्योतिषाला त्या परत पाठवतात. माझं नशीब मला कळतं, तू नको सांगू, असा एकूण सूर. हात पाहायला आलेल्या माणसाला त्या स्वतःचा हात स्वतःच वाचून दाखवतात. धनरेषा आहेत म्हणतोस, त्या रेषांच्या भेगांनीच तळहात फाटला, धन काही आलं नाही. देवाच्या घरीच ते आटलं असेल. मागायचं तर एवढंच की दोन्ही मुलगे सुखी राहावेत.

हातावरच्या ज्या रेषांवर ज्योतिषी भविष्य सांगतो त्या गर्भातच तयार होतात, तिसऱ्या महिन्याच्या आसपास, मूठ जिथे मिटते तिथे. बोटांचे ठसेही त्याच सुमारास सुरू होतात. हे ठसे डर्मिसच्या घड्यांवर बेतलेले असतात, त्यामुळे वरचं कातडं सोललं तरी नवं येताना तोच ठसा घेऊन येतं. जखम डर्मिसमध्ये गेली तरच ठशात कायमची रेघ पडते. म्हणजे हातावरच्या काही रेषा जन्माआधीच्या असतात आणि काही कामाने घातलेल्या. बहिणाबाई बोलतात त्या दुसऱ्या प्रकारच्या रेषांबद्दल.

लिहिता न येणाऱ्यांना आपल्याकडे 'अंगठेबहाद्दर' म्हणून हिणवलं जायचं. आज उलटी अडचण आहे. रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा ठेवला तर आयुष्यभर राबलेल्या म्हाताऱ्या मजुराचा ठसा अनेकदा उमटत नाही. झिजून गुळगुळीत झालेल्या बोटांत मशीनला माणूस सापडत नाही.

वही

बहिणाबाईंची गाणी त्यांच्याच डोक्यात होती. त्या म्हणायच्या, ऐकणारा ऐकायचा, विषय संपला. धाकटा मुलगा सोपान शिकला आणि पुढे स्वतः कवी म्हणून नावारूपाला आला. आईच्या गाण्यांत काहीतरी आहे हे सोपानदेवांच्या ध्यानात आलं तेव्हा त्यांनी आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी जमेल तशी ती उतरवून घेतली. उतरवायची राहिली ती किती, याचा हिशोब नाही. ती ऐकणाऱ्यांबरोबरच गेली.

३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावात बहिणाबाई वारल्या. तोवर जिल्ह्याबाहेर त्यांचं नावही कुणाला माहीत नव्हतं. आईच्या माघारी सोपानदेवांनी ती वही बिचकत बिचकतच आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्र्यांनी थोडं वाचलं आणि हे छापलंच पाहिजे असं ठरवून टाकलं. १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' पुस्तकरूपात आली, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. जी बाई शाळेत गेली नाही तिच्या नावाची पदवी आता धुळे, नंदुरबार आणि जळगावची मुलं घेतात.

जुन्या जळगावातल्या चौधरी वाड्यात त्यांच्या आठवणींचं संग्रहालय आहे. त्यांच्या हाताखालून गेलेल्या घरातल्या आणि शेतातल्या वस्तू तिथे मांडून ठेवल्या आहेत.